मौनीबाबांचा मोसम

ऑक्टोबर लागला की आमच्या इमारतीमागच्या मैदानातला चिखल आधी कडेकडेने वाळतो. मधलं डबकं आठवडाभर हटत नाही. पावसाळाभर माजलेलं गवत कापायला माणसं येतात आणि त्या कापलेल्या गवताचा ओला, जरासा आंबूस वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. वारा फिरला की त्यात वेसाव्याकडच्या वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मिसळतो. मग एका सकाळी कुणीतरी चुन्याच्या रेषा मारतं, गोलपोस्टना जाळ्या बांधतं आणि फाटकाशेजारच्या चहाच्या टपरीवर तीच ती माणसं पुन्हा जमायला लागतात. अंधेरीत ऑक्टोबरच्या उन्हाला सगळेच शिव्या घालतात. मला त्या उन्हाचं काही वाटत नाही. मला नको असतो तो टपरीवरचा आवाज.

आमच्या भागाचा एक फुटबॉल क्लब आहे. जर्सी हिरवी, म्हणून सगळे त्याला नुसतं 'हिरवे' म्हणतात. हिरवे कधीच फार मोठे नव्हते, पण त्यांचे फॅन मोठे आहेत. जगातल्या मोठमोठ्या क्लबांचे सामने टीव्हीवर बघून आलेली ही माणसं रविवारी संध्याकाळी टपरीवर बसतात आणि आपल्या क्लबच्या जुन्या मॅनेजरांचा हिशेब मांडतात. 'कोच' म्हणत नाहीत, 'मॅनेजर' म्हणतात. त्याने वजन येतं.

"थॉमस सरांसारखा मॅनेजर पुन्हा होणे नाही," पेडणेकर काका म्हणतात. ते निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना घाई नसते. "पोरांना पहाटे जुहूच्या वाळूत पळवायचे. दम होता तेव्हा टीममध्ये."

"वाळूत पळवून काय, उंट बनवायचे होते काय?" हा सॅवियो. मरोळला राहतो, पण रविवारी इथेच. "मॉडर्न गेम लॅपटॉपने आणला यार. पासिंग काय होतं तेव्हा! झकास!"

लॅपटॉप म्हणजे नंतर आलेला, प्रशिक्षणाचा परवाना वगैरे असलेला तरुण मॅनेजर. तो सामन्याच्या आधी पोरांना लॅपटॉपवर खेळ दाखवायचा, म्हणून ते नाव.

थॉमस सर आणि लॅपटॉप या दोघांवरून अर्धा तास भांडण झालं की एका मुद्द्यावर मात्र काका आणि सॅवियोचं एकमत होतं.

"पण वाट लावली ती मौनीबाबाने."

"ती तर लावलीच. त्यात डिबेटच नाही."

मौनीबाबा म्हणजे माझे वडील.

*

बाबा एकच मोसम हिरव्यांचे मॅनेजर होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मी तेव्हा नुकतीच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते, अजूनही तिथेच आहे. एवढ्या वर्षांत माणसं बदलली, मशिनं बदलली, पण त्या पाच महिन्यांइतकं लख्ख मला दुसरं काही आठवत नाही.

बाबा मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, बाबा फुटबॉल चांगला खेळायचे म्हणून एका कंपनीच्या टीममध्ये आणि त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले. कंपनी बंद पडली तेव्हा हातात काही उरलं नाही, पायात मात्र खेळ होता. मग हिरव्यांच्या लहान मुलांना शिकवायला लागले. बारा-चौदा वर्षांची पोरं, एकाच्या पायात बूट, दुसऱ्याच्या पायात चपला. बाबा फार कमी बोलत. पोरगं चुकलं की चेंडू थांबवत, त्याच्या खांद्याला धरून दोन पावलं बाजूला उभं करत आणि खेळ पुन्हा सुरू करत. झालं शिकवणं. पोरांना ते पुरत होतं.

थॉमस सर आखातात गेले तेव्हा मोसम तोंडावर आला होता. कमिटीला दुसरा कुणी मिळेना. बाबांना बोलावलं. त्या रात्री बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि जेवताना आईला म्हणाले, "माका मोठी टीम दिली." आईने त्यांच्या ताटात आणखी एक तळलेला बांगडा ठेवला. आमच्या घरात आनंद साजरा करायची पद्धत तेवढीच.

तो ऑक्टोबर चांगला होता. हिरव्यांनी सुरुवातीचे सामने जिंकले. मी लॅबमधून येताना मुद्दाम मैदानावरून यायचे. टपरीवरचे लोक बाबांना हाक मारून चहा द्यायचे. बाबा चहा घ्यायचे, ऐकायचे, मान हलवायचे आणि निघायचे. 'मौनीबाबा' हे नाव तेव्हा प्रेमाने पडलं होतं. जिंकणाऱ्या माणसाचं गप्प राहणं लोकांना खोल वाटतं. तोच माणूस हरायला लागला की त्याच गप्पपणाला ते माज म्हणतात. हे मी त्या मोसमात शिकले.

टीमचा हुकमाचा एक्का होता जितेश. वेसाव्याचा कोळ्याचा पोरगा, बाबांच्या हाताखालीच लहानाचा मोठा झालेला. त्याची आई हिराबाई आमच्या बाजारात मासळी विकायची. जितेश धावायला लागला की कडेला उभी असलेली माणसं आपोआप त्याच्याबरोबर दोन पावलं धावायची, मीसुद्धा. डिसेंबरपर्यंत बरेचसे गोल त्याचेच होते. मग तो दमायला लागला, टीम हरायला लागली आणि जानेवारी संपता संपता अशी वेळ आली की शेवटचा सामना निदान बरोबरीत सुटला नाही तर हिरवे खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार.

त्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. दारात हिराबाई आणि तिच्यामागे जितेश. तो भिंतीला धरून उभा होता. आत येताना त्याने डावा पाय जवळजवळ ओढलाच. बाबांनी त्याला पलंगावर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"डॉक्टर काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"महिनाभर आराम केला तर भरून येईल म्हणाला, सर. उद्या खेळलो तर संपलं."

"मग नको खेळू."

एवढ्यावर विषय संपला असता. पण हिराबाई तिथेच जमिनीवर बसली. त्याच महिन्यात एका सरकारी खात्याच्या टीममध्ये जितेशची निवड होत आली होती. खेळाच्या कोट्यातली नोकरी. खेळ बघून झाला होता, कागद पुढे गेले होते आणि उद्याच्या सामन्याला त्या खात्याचे साहेब सहज म्हणून येणार होते. गुडघ्याची बातमी त्यांच्या कानावर गेली असती तर त्यांनी दुसरा पोरगा घेतला असता. पोरांची काय, रांग होती.

"दादा, पाया परते," हिराबाई म्हणाली. "कुनाला सांगू नका. कमिटीला पन नको. एकाला कललं का सगल्या अंधेरीला कललं."

"ताप आलाय म्हणून सांगा ना," आई म्हणाली. "घरी झोपू दे त्याला."

जितेशनेच मान हलवली. "नाही काकी. शेवटच्या मॅचला आलो नाही तर साहेब विचारणार काय झालं. मी ड्रेस घालून, वरून ट्रॅकपँट चढवून बसतो बेंचवर. थोडं इकडेतिकडे हललो की झालं. गोळी घेतो दुखण्याची. फक्त सर, तुम्ही मला उतरवू नका. आणि कुणी विचारलं तर... "

त्याने वर केलेली पँट पुन्हा खाली ओढली.

"माझा निर्णय आहे म्हणून सांगीन," बाबा म्हणाले.

हिराबाईने खरंच त्यांच्या पायाला हात लावला. बाबा एकदम मागे सरकले. ती दोघं गेल्यावर आई बराच वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "लोक तुम्हाला खातील." बाबा म्हणाले, "एक दिवस खातले. मगे विसारतले."

विसरतील म्हणाले. फुटबॉलमध्ये सगळं आयुष्य काढलेल्या माणसाला फॅन कळले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर होते. ऊन कोवळं होतं, फेब्रुवारीचं. हिरवे पहिल्या अर्ध्यातच एका गोलने मागे पडले. मध्यंतरानंतर जितेश बेंचवरून उठला आणि कडेकडेने हळूहळू चालायला, अंग ताणायला लागला. ठरल्याप्रमाणे. प्रेक्षकांना वाटलं, आता तो उतरणार. सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडायला लागलं. "जितेश! जितेश!" पेडणेकर काका तेव्हा निवृत्त झाले नव्हते, ते बाकावर उभे राहून ओरडत होते. बाबा पाठीमागे हात बांधून समोर बघत होते.

"ए मौनी, आत घाल त्याला!"

"बहिरा झाला काय रे?"

"पैसे खाल्ले याने. सांगतो ना, सेटिंग आहे."

मग जितेश लोकांकडे वळला. मी त्याच्यापासून फार लांब नव्हते. त्याने खांदे उडवले, दोन्ही हात पसरले आणि मानेने बाबांकडे खूण केली. मी काय करू, हाच सोडत नाही मला, असं.

तेवढंच. फार तर दोन क्षण. हे काही ठरलेलं नव्हतं. बेंचवर बस, हल, एवढंच ठरलं होतं. हे त्याने स्वतःहून केलं. कदाचित साहेब बघत होते म्हणून. कदाचित आपलं नाव ऐकून त्याला राहवलं नाही. मी त्याच्या बाजूने अनेकदा विचार करून पाहिला आहे. बाविशीचा पोरगा, घाबरलेला, गुडघ्यातून कळा येत असणार. सगळं समजतं. तरी ते पसरलेले हात डोळ्यासमोरून जात नाहीत.

हिरवे हरले. शिट्टी वाजल्यावर लोक आत घुसले. कुणीतरी उरलेला चहा बाबांच्या शर्टावर भिरकावला. कुणी कॉलर धरली. बाबांनी कुणालाही ढकललं नाही. ते फक्त जाळीजवळ रडत उभ्या असलेल्या गोलकीपरला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले. कमिटीने संध्याकाळीच बोलावलं. विचारलं, का नाही उतरवलं? बाबा म्हणाले, माझा निर्णय. त्यांनी सांगितलं, मग हा आमचा. मोठी टीम तर गेलीच, लहान मुलांना शिकवायचं कामही गेलं. ते जाईल असं बाबांना वाटलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस सकाळी पोरांची वेळ झाली की ते उठून तयार व्हायचे आणि मग गॅलरीत उभे राहायचे.

जितेशला नोकरी लागली. हिराबाई पेढे घेऊन आली. आईने पेढे घेतले, बस म्हटलं नाही. त्यानंतर आईने त्या बाजारात मासळी घेणं सोडलं. चांगली दोन बसस्टॉप लांबच्या बाजारात जायची. गुडघे दुखायला लागल्यावरही जायची. आजारपणात शेवटी शेवटी तिला जेवण जात नव्हतं तेव्हा मी विचारलं, जवळच्या बाजारातून ताजे बोंबील आणू का? तर म्हणाली, "तिच्याकडचे नको."

बाबांनी आईला कधी समजावलं नाही, आईने बाबांना कधी टोचलं नाही. आमचं घर त्या गोष्टीला वळसा घालून राहायला शिकलं. बाबांनी पुढे एका सोसायटीत देखरेखीचं काम धरलं. मैदानाकडच्या खिडकीला आईने जाड पडदा लावला होता, तो अजून आहे.

आणि टपरीवर दर ऑक्टोबरला मौनीबाबाचं नाव निघत राहिलं. हिरवे पुढे पुन्हा वर चढले, पुन्हा घसरले, लॅपटॉप आला नि गेला. ज्या पोरांनी तो सामना बघितलाही नव्हता, तीही म्हणायला लागली, मौनीबाबाने वाट लावली. मला याचं नवल वाटतं. मॅनेजरचं काम मैदानावर दिसत नाही. तो धावत नाही, चेंडूला पाय लावत नाही. म्हणून त्याच्यावर काहीही टाकता येतं. खेळाडूचा चुकलेला गोल डोळ्यांनी बघितलेला असतो, तो वाढवता येत नाही. मॅनेजरच्या मनात काय होतं ते मात्र प्रत्येक जण आपल्या मनाने भरतो आणि जो तो आपल्या मनातलंच भरतो.

*

या ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी दूध घ्यायला खाली उतरले होते. परतताना टपरीवरून जावंच लागतं. एरवी मी झपझप निघते. त्या दिवशी एक टेम्पो फाटकात अडकला होता, वाट बंद. मी थांबले.

वाद रंगात आला होता. पेडणेकर काका, सॅवियो, आणखी चार-पाच जण. आणि बाकावर ऐसपैस बसलेला जितेश. अंगाने भरलाय, खात्यात आता साहेब झालाय. मधूनमधून येतो, त्याला मान असतो.

"तुम्हीच सांगा जितेशभाई," एक तरुण मुलगा म्हणाला. "तुम्ही तिघांनाही जवळून बघितलंत. वर्स्ट कोण?"

जितेश हसला. चहाचा घोट घेतला. "असं नाही बोलायचं रे. मौनीबाबा म्हणशील तर, टॅक्टिक्स झिरो होतं. पण माणूस मनाने चांगला."

सगळे हसले. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. हसू तसंच तोंडावर राहिलं, डोळे बदलले.

"अरे, ताई! कसे आहेत सर?"

सगळे वळले. पेडणेकर काका गडबडीने उठले. "तू मौनी... म्हणजे सरांची मुलगी काय? सॉरी हां बेटा. आम्ही आपलं फुटबॉलचं बोलतोय. पर्सनल नाही काही."

मी जितेशकडे बघत राहिले. त्याला वेळ दिला. त्याने आता बोलावं, निदान एक वाक्य, असं मला इतकं मनापासून वाटत होतं की दुधाची पिशवी हातात दाबली गेली. तो चहाच्या ग्लासाकडे बघत होता.

मग मीच बोलले. आवाज चढला असणार, कारण टेम्पोवालाही बघायला लागला. "त्या शेवटच्या मॅचला याचा गुडघा गेला होता. आदल्या दिवशी याची आई घेऊन आली होती याला आमच्या घरी. नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगू नका म्हणाले. म्हणून बाबांनी उतरवलं नाही. आणि हा तिथे उभा राहून तुमच्याकडे बघून हात पसरत होता. विचारा याला."

मला वाटलं, आता जितेश नाही म्हणेल. मी त्याचीही तयारी केली होती.

"हो, खरंय," तो म्हणाला. अगदी सहज. "लिगामेंटचं होतं माझं. सरांनी झाकलं. थँक्स टू हिम. तेव्हा बोलता येत नव्हतं ना यार, नोकरीचा प्रश्न होता." आणि मग माझ्याकडे बघून, जरा खाली आवाजात, "नंतर राहूनच गेलं ताई."

राहूनच गेलं. विजेचं बिल भरायचं राहून जातं तसं.

मला वाटलं होतं, आता या माणसांचे चेहरे उतरतील. चहा भिरकावणारा त्यांच्यातच कुणीतरी असेल, तो निदान खाली बघेल. पेडणेकर काकांनी "अरेरे" म्हटलं खरं. सॅवियोने दाढी खाजवली.

"पण एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे आदल्या दिवशी माहीत होतं त्याला. मग दुसरा प्लॅन कुठे होता? मिडफिल्डमधून कुणाला तरी वर घ्यायचा ना."

"करेक्ट," पेडणेकर काका परत खाली बसले. "आणि सगळा मोसम एकट्या जितेशवर टाकला होता, त्याचं काय? थॉमस सरांनी हे केलं नसतं. त्यांच्याकडे दोन-दोन स्ट्रायकर तयार असायचे."

"मग तीच तर मॅनेजरची चूक!"

"गुडघा गेला ते वेगळं. पण प्लॅनिंग झिरो होतं, हे तर प्रूव्ह झालं ना?"

आणि वाद सुरू झाला. नव्या दमाने. एवढ्या वर्षांनी त्यांना नवा मुद्दा मिळाला होता. जितेशही त्यात होता, हाताने बाकावर मैदान आखून दाखवत होता. टेम्पो निघाला. मी माझ्या रस्त्याने घरी आले.

*

बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. मी दूध तापत ठेवलं. सांगणार नव्हते, पण लक्ष नव्हतं, दूध उतू गेलं आणि बाबांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. पेपर मिटला. म्हणाले, "सांगूक नको होतां गो. मी शब्द दिललो."

"त्याला काही वाटलं नाही बाबा. तो हसत हसत हो म्हणाला."

"ताच्यासाठी नाय म्हणत मी."

मग कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मी ओटा पुसत होते. दुधाची साय जळल्याचा वास घरभर झाला होता. बाबा उठून खिडकीपाशी गेले, पडदा न सारता नुसते उभे राहिले. खालून टपरीवरचं हसणं येत होतं.

"मगे काय म्हणाले ते?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"थंयचे. पेडणेकर, सॅवियो."

बाबांना नावं माहीत होती. मला वाटायचं, त्यांनी हे सगळं ऐकणं केव्हाच सोडून दिलं असेल.

मी सांगितलं. दुसरा प्लॅन हवा होता म्हणाले. मिडफिल्डमधून कुणाला तरी वर घ्यायला हवं होतं. सगळा मोसम एकट्या जितेशवर टाकला म्हणाले.

बाबा ऐकत होते. रागाने नव्हे, लक्ष देऊन. पोरं खेळताना बघायचे तसे. मग खुर्चीवर बसले आणि हळूहळू मान हलवली.

"बरोबर आसा तेंचा. दाभोळकराचो पोरगो होतो मदी. दोन्ही पाय चलत. ताका डिसेंबरापासून फुडे खेळवूक होयो होतो. माका सुचूक नाय."

मला इतका संताप आला की फडकं मी सिंकमध्ये आपटलं. "बाबा, मुद्दा तो नाहीये! त्यांनी तुमची कॉलर धरली, चहा फेकला अंगावर. मुलं काढून घेतली तुमच्याकडून. त्या पोरासाठी तुम्ही... आणि तुम्ही दाभोळकरच्या मुलाचं काय घेऊन बसलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान आणि थकलेले दिसतात.

"बाय," ते म्हणाले, "मॅच तर हरलंवच ना आम्ही."

आणि त्यांनी पेपर पुन्हा उघडला.